चंपूने बदाम नाकारला

९ नोव्हेंबर, रविवार

आज सकाळी साडेसात वाजता या घरात माझा अवमान झाला. तो कोणत्या शब्दांत नोंदवावा या विचारात आठ वाजले.

घटना अशी. काल संध्याकाळपासून भिजत घातलेला, स्वहस्ते सोललेला आणि चार समान भागांत कापलेला एक बदाम मी चंपूपुढे ठेवला. तिने एक भाग हातांत घेतला, हुंगला, ओठांशी नेला आणि परीक्षकाने टुकार प्रबंध बाजूला सारावा तसा खाली टाकला. दुसऱ्या भागाचेही तेच. तिसऱ्याकडे पाहिलेही नाही. मी चौथा स्वतः खाल्ला. बदाम निर्दोष होता.

चंपू ही खार आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये तारांवर आलेल्या फांद्या तोडल्या गेल्या, तेव्हा आमच्या फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली ती सापडली. डोळे उघडले नव्हते. ड्रॉपरने दूध पाजून ती वाढवली. गद्य आणि पद्य एकत्र असते त्या काव्यप्रकाराला संस्कृतात चंपू म्हणतात. ही जमिनीवर गद्यात चालते आणि पडद्यावर पद्यात, म्हणून हे नाव. वर्गातली मुले माझ्या पाठीमागे मला याच नावाने हाक मारतात हे मला ठाऊक आहे. त्यांचा अर्थ वेगळा आहे.

वंदनाला अवमानाची वार्ता दिली. ती कणीक मळत होती. म्हणाली, "भूक नसेल तिले."

अकरावी-बारावीला अठ्ठावीस वर्षे संस्कृत शिकवून मी एवढे शिकलो आहे की, इतकी सोपी कारणे बहुधा खरी नसतात.

११ नोव्हेंबर

आजही तेच. दुधात भिजवलेला टोस्ट मात्र चाटते. द्राक्ष (बिया काढून) तोंडात घेते आणि अर्धे खाली सांडते. हनुवटी ओली राहते. माझे अनुमान: हे उपोषण आहे. मागच्या आठवड्यात कळमेश्वरला व्याख्यानासाठी दोन दिवस गेलो होतो, त्याचा राग असावा.

आमच्या घरी अकरा वर्षांपासून स्वयंपाकपाण्याला येणाऱ्या अंजनाबाईंनी कमरेवर हात ठेवून पाहिले आणि म्हणाल्या, "राग नाई जी सर. तिले चावता नाई येऊन राहिलं. आन् तुमी बदाम सोलून राहिले."

स्त्रियांना शास्त्रापेक्षा निरीक्षणावर फार भरवसा असतो.

जेवणात भरीत होते. या वर्षीची भिवापुरी मिरची फारच तापट निघाली आहे. दुसऱ्या घासालाच तोंडाची आग झाली. मी दहीभात मागितला. वंदना म्हणाली, ही मिरची मागच्याच वर्षीची, त्याच पोत्यातली. मी म्हटले, मुरल्यावर तेज वाढते. तिने दहीभात दिला. वाद घातला नाही. ती पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसते. समोरच्याने आत काय आहे ते सांगितले नाही, तरी ती पार्सल जरा हातात धरून बघते, तसे तिने माझ्याकडे बघितले.

१४ नोव्हेंबर

चंपूचे वजन एकशे चार ग्रॅम. दिवाळीत एकशे अठरा होते. आकडा वंदनाने घेतला आहे, म्हणजे अपील नाही.

पूर्वसूरींनी काय सांगितले ते पाहिले. आपल्याकडे घोड्यांच्या वैद्यकावर ग्रंथ आहेत, हत्तींच्या वैद्यकावर आहेत, पोपटांबद्दलही कुठे कुठे आस्था आहे. खारीकडे बघायला एकाही ऋषीला सवड झाली नाही. शेवटी घरगुती तर्क चालवला: दात दुखत असेल तर लवंगेचे तेल. कापसाची बारीक काडी करून तिच्या हिरड्यांना लावायला गेलो. तिने काडी बाजूला सारून माझी तर्जनी चावायचा प्रयत्न केला. चावा बसला नाही. नुसते काहीतरी वाकडे, टोकदार घासून गेले. पूर्वी ती चावली की रक्त येत असे. मला वाटले, शहाणी झाली.

संध्याकाळी कॉलेजवरून येताना ओमप्रकाशच्या पानठेल्यावर थांबलो. इथे एक खुलासा आवश्यक आहे. खर्रा मी दोन वर्षांपूर्वीच्या पाडव्याला सोडला. म्हणजे घरात सोडला. ठेल्यावर एखादा, फार तर दोन; शनिवारी तीन.

ओमप्रकाश प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून पाटीवर घोटत होता. मी म्हटले, "बारीक घोट."

"मास्टरजी, बारीकच करून राहिलो. दोन महिन्यांपासून तुमचा अलग घोटतो. अजून बारीक केला तर पावडर होऊन जाईन."

"सुपारीचा रस नीट उतरतो."

"पहले तर तुम्ही मोठे तुकडे मागत होते. कडकड वाजवत होते इथे उभे राहून."

ठेलेवाल्यांना स्मरणशक्ती फार असते, आणि ती वाया जाते.

त्याला चंपूचे सांगितले. म्हणाला, "खार आहे ना? मग लकडी द्या. उसका काम ही कुतरना है." मी हसलो. घरात तिला कुतरायला काहीही द्यायचे नाही, हा नियम मीच केला आहे. तिने माझ्या संस्कृत शब्दकोशाची चामडी पाठ खाल्ली होती. त्यानंतर लाकूड, पुठ्ठा, नारळाची करवंटी, सारे तिच्या जाळीच्या पिंजऱ्यातून हद्दपार केले. आता तिच्याकडे लोकरीचे एक अंथरूण आहे आणि मऊ अन्न आहे. इतक्या सुखात प्रतापनगरात दुसरे कोणी राहत नसेल.

१७ नोव्हेंबर

सत्त्याण्णव.

वंदना म्हणते, डॉक्टरकडे नेऊ. मी शांतपणे तिच्यापुढे पूर्वपक्ष मांडला: एक, खारीचा डॉक्टर असा कोणी नसतो. दोन, प्रवासाचा धक्का बसेल. तीन, खार हा रानातला जीव, तो घरात ठेवणे कायद्यात बसत नाही. डॉक्टर विचारील आणि काढून घेईल. चार, थंडीत भूक मंदावते. पाच, आपोआप बरे होण्याची शक्यता विचारात घ्यायलाच हवी.

तिने पाचही ऐकले. मग म्हणाली, "डॉक्टरचं नाव काढलं की तुम्ही काहून असे घाबरून राहिले?"

"मी चंपूबद्दल बोलतो आहे."

"मी पण तिच्याचबद्दल बोलून राहिली," ती म्हणाली, आणि डबा भरून पोस्टात निघून गेली.

२० नोव्हेंबर

एक्याण्णव. आज टोस्टही चाटला नाही.

पूर्वपक्ष मागे घेतला.

२१ नोव्हेंबर

वंदनाने अर्धी रजा टाकली. बुटांच्या खोक्याला भोके पाडून चंपूला नेले. डॉ. दीपमाला या आमच्याच भागात कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवतात. वय बत्तीस-तेहेतीस, आवाज वर्गशिक्षिकेचा. आमच्याआधी गळ्याला पिशवी बांधलेली एक मांजर होती. तिने खोक्याकडे पाहिले आणि तिची प्रकृती एकदम सुधारली.

डॉक्टरांनी चंपूला टॉवेलमध्ये गुंडाळले, फक्त मुंडके बाहेर. एका बोटाने ओठ वर केला. मी वाकून पाहिले आणि लगेच सरळ झालो. खालचे दोन दात वाढून, बाकदार होऊन, वरच्या ओठाच्या बाहेर आले होते. वरचे आत वळून टाळूला टेकत होते. दीड वर्ष रोज दोनदा मी तिला भरवतो. मला ते दिसले नव्हते.

"काय खायला देता?"

मी यादी सांगितली. थोड्या अभिमानाने सांगितली, हे इथे मान्य करतो. बदाम भिजवून, सोलून, कापून. टोस्ट दुधात. द्राक्षे बिया काढून. सफरचंद किसून. बिस्किटाचा चुरा.

"आणि कडक काय?"

"कडक काहीच नाही," मी म्हणालो. "तिला त्रास नको म्हणून."

डॉक्टरांनी चंपूचा ओठ पुन्हा खाली केला. मग म्हणाल्या, "सर, खारीचे पुढचे दात मरेपर्यंत वाढतात. ती रोज कुरतडते म्हणून झिजतात. तुम्ही तिला झिजवायलाच काही ठेवलं नाही. ती उपाशी आहे, कारण तुम्ही तिचं सगळं सोपं करून टाकलं."

गुंगी देऊन बारीक यंत्राने दात घासून कापावे लागतील. कात्रीने कापले तर मुळापर्यंत चिरतात. अशक्त आहे, गुंगीतून उठेलच असे नाही. उठली तर तिने स्वतः कुरतडायला लागले पाहिजे, नाहीतर तीन आठवड्यांत पुन्हा हेच. आणि बरी झाली की वनखात्याच्या उपचार केंद्रात द्यावी लागेल, तिथून रानात. हे सारे त्यांनी एका दमात सांगितले.

मग विचारले, "खाताना तोंड कितपत उघडते? दाखवता येईल?"

मी अभिनयात कमी पडत नाही. नाटके वर्गात साभिनय शिकवतो. चंपू करते तसे हात हनुवटीशी घेतले आणि तोंड उघडून दाखवले.

"एवढंच उघडतं?" डॉक्टरांनी भुवया वर केल्या. "मग फारच कमी आहे."

"नाही, नाही," मी म्हणालो, "तिचं याहून जास्त उघडतं. हे माझं झालं."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या. वंदनाही. टॉवेलमधून चंपूसुद्धा. मी दवाखान्याच्या भिंतीवरचा कुत्र्यांच्या लसींचा तक्ता पूर्ण वाचला.

गुंगीतून ती चाळीस मिनिटांनी उठली. एकोणनव्वद ग्रॅम, दात आखूड, चेहरा सेवानिवृत्त.

२२ नोव्हेंबर

घरी येताना वंदनाने पार्सल आणले: गुपचूप, म्हणजे मुंबईकरांची पाणीपुरी. तेवीस वर्षांच्या संसारात कामाच्या दिवशी तिने कधी गुपचूप आणलेला नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी एका बैठकीत बत्तीस खाल्ले होते. ही गोष्ट तिच्या माहेरी अजून सांगतात.

तिने एक भरून माझ्यापुढे धरला. मी तो ताटलीत ठेवला, बोटांनी दोन तुकडे केले आणि एकेक तुकडा खाल्ला. पाणी मनगटावरून वाहिले.

"तोडून काहून खाऊन राहिले?"

"या वयात आख्खा तोंडात कोंबणे शोभत नाही."

"तिखट पण नाही टाकलं मी तुमच्यात."

"ते कळलं. सपक होता."

ती उरलेले सगळे एकटीने खात बसली, एकेक आख्खा, माझ्याकडे बघत. मला वाटते ती कामाने थकली असावी.

२४ नोव्हेंबर

चंपू खात नाही. दात आखूड झाले, वेदना गेली असेल, पण ती खाणे विसरली आहे. दर तीन तासांनी सिरिंजने पातळ पेज पाजतो. चार थेंब आत, दोन माझ्या सदऱ्यावर. शहाऐंशी. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, परवापर्यंत स्वतःहून काही उचललं नाही तर कठीण आहे. कॉलेजला रजा टाकली. अर्जात कारण "घरात आजारपण" असे लिहिले. प्राचार्यांनी वंदनाची प्रकृती विचारली.

जाळीत आता बाभळीची काडी, कडुलिंबाची काडी, नारळाची करवंटी असे सारे आहे. ती या सगळ्याकडे परदेशी पाहुण्यासारखी बघते.

अंजनाबाई भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "एवढ्याशा जिवाले तुमी म्हातारी करून ठेवलं जी सर. आमच्या वावरात खारी पाहा. शेंगा फोडून अख्खं शेत खाली करते. कोनी सोलून देत नाई त्याइले."

"तिच्या भल्यासाठीच केलं ना, बाई."

"हौ. भल्यासाठीच तर." मग ताट ठेवत, माझ्याकडे न बघता: "बाईसाहेब म्हने, तुमची पोळी आता दुधात कुस्करून देत जा. मी म्हनलं, देतो बाप्पा. पण सर, पोळी तं चंपूची नाई ना?"

मी सिरिंज धुवायला आत गेलो.

२५ नोव्हेंबर

पंच्याऐंशी. दिवसभर जाळीपुढे. मोठ्याने पाठ केलेले श्लोक म्हटले. ती लहान असताना आवाजाने झोपायची. सहाव्या-सातव्या श्लोकाला जबडा ताठरला आणि जोडाक्षरे निसटू लागली. वर्गातही हल्ली असे होते. मुलांना वाटते मी मुद्दाम सावकाश म्हणतो. एकाने तर स्पष्टतेबद्दल कौतुक केले.

२६ नोव्हेंबर

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आवाज आला.

अंजनाबाईंनी ओसरीवर बसून घरच्या भुईमुगाच्या शेंगा निवडायला घेतल्या होत्या. त्यांनी एक शेंग, माती लागलेली, जाळीच्या भोकातून आत सरकवली आणि धरून ठेवली, सोडली नाही. चंपू आली. ओढू लागली. अंजनाबाई सोडेनात. "घे ना वं. घे. फुकट नाई भेटत." मी उठून म्हणणार होतो की बाई, छळ करू नका. तेवढ्यात चंपूने मान वाकडी केली, टरफलाला दात लावले आणि कुर्र, कुर्र, कुर्र.

पंचवीस मिनिटे लागली एका शेंगेला. टरफलाचा भुगा तिच्या छातीवर. आत दोन दाणे होते. तिने एक खाल्ला आणि एक लोकरीच्या अंथरुणात पुरला. पुरला! भविष्याची तरतूद करण्याइतका तिला भविष्यावर विश्वास बसला आहे.

वंदनाला पोस्टात फोन केला. ती म्हणाली, "बरं." मग नाक ओढल्याचा आवाज. सर्दीचे दिवस आहेत.

२९ नोव्हेंबर

चौऱ्याण्णव. बाभळीची काडी तिने अर्धी संपवली. डॉक्टर म्हणाल्या, अजून दोन आठवडे असेच चालले तर तिला केंद्रात देता येईल. मी हो म्हणालो. हो म्हणायला जड गेले, पण तिच्या शेंगा सोलून द्यायचा माझा अधिकार संपला आहे, हे उघड आहे.

चहा घेताना वंदना म्हणाली, "सोमवारी तुमचा नंबर लावला आहे. दातांच्या मोठ्या दवाखान्यात. नऊ वाजता."

"माझे दात उत्तम आहेत."

"दातांसाठी नाही लावला. तोंडासाठी लावला."

मी पूर्वपक्ष सुरू केला. एक, थंडीत जबडा आखडतो. तिने हात वर करून थांबवले. "दोन वर्षांपासून तुमच्या पँटच्या खिशातून पन्न्या काढून राहिली मी, धुवायच्या आधी. एक शब्द बोलली का? म्हटलं, मास्तर आहेत, स्वतः सोडतील. मिरचीचं पोतं बदललं का मी? नाही बदललं. तुम्ही सांगत गेले, मी पोळी दुधात टाकत गेली. त्या डॉक्टरबाई चंपूबद्दल काय बोलल्या, सगळं सोपं करून टाकलं म्हणून, ते मी तिथे उभी राहून ऐकून राहिली होती."

मी म्हणालो, दोन्ही गोष्टींत साम्य दिसत असले तरी—

"टॉवेल आणू का?" ती म्हणाली.

१ डिसेंबर, सोमवार

गेलो. वंदना बरोबर होती. ओमप्रकाशच्या ठेल्यावरून गाडी नेताना तिने वेग वाढवला. ओमप्रकाशने हात केला. मी केला नाही.

दवाखान्यातल्या खुर्चीबद्दल खूप लिहिता येईल. तिची पाठ कोणत्याही मानवी पाठीला अनुसरून केलेली नाही. डोक्यावरचा दिवा आरोपीच्या चौकशीला साजेसा आहे. डॉक्टर कोवळे आहेत, इतके की मी त्यांना सवयीने "बाळ" म्हणालो. त्यांनी सांगितले, आ करा. मी केला. म्हणाले, अजून. मी म्हणालो, एवढाच. त्यांनी पट्टी लावली: बावीस मिलिमीटर. निरोगी माणसाचे चाळीसच्या वर जाते. आतून गाल दोरीसारखा कडक झाला आहे, हे सुपारीचे काम आहे, खर्रा आजपासून बंद, तोंड उघडण्याचा व्यायाम रोज. उजव्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा आहे आणि त्यात एक जखम. गुरुवारी त्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतील. बहुतेकांचा साधा निघतो, असे ते म्हणाले. बहुतेकांचा.

जखम किती दिवसांची आहे, त्यांनी विचारले. वंदना शेजारी उभी होती. मी म्हणालो, दोन आठवडे झाले असतील. त्यांनी कागदावर तसे लिहिले.

घरी आलो. वंदनाने मुगाची खिचडी केली आणि स्वतःही तीच खाल्ली. चंपू जाळीत करवंटीला लागली आहे. इथपर्यंत आवाज येतो.

ती जखम दोन आठवड्यांची नाही. ती श्रावणात झाली, म्हणजे चार महिने होत आले. आरशासमोर चमच्याने गाल ओढून मी ती दर रविवारी बघतो. ती भरत नाही आणि मागच्या दोन रविवारी मोठी दिसली. हे मी वंदनाला सांगितलेले नाही, आज डॉक्टरांशी खोटे बोललो, आणि इथेही खारीच्या वजनाशिवाय काही लिहिले नाही. उद्या सकाळी वंदना पोस्टात जायच्या आधी तिला खरा महिना सांगायचा आहे. गुरुवारी काय निघेल याची मला भीती वाटते. फार भीती वाटते.